झिजलेला कुंचला

कुमानो गावातल्या मित्सुएबाईंनी चाळीस वर्षं बकरीचे केस विंचरून अक्षरांचे कुंचले बांधले. पण आपला कुंचला लोकांच्या हातात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे काही त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून शाळेत सुलेखन शिकवणारे कुवाता मास्तर जुना कुंचला घेऊन आले आणि "अस्साच दुसरा करून द्या," म्हणाले, तेव्हा बाईंनी तो आधी पाण्यात भिजवून उजेडात फिरवून फिरवून पाहिला. केस एकाच अंगाने झिजले होते, आणि तेही भलत्याच.

"मास्तर, एक विचारू? रागावू नका हं. तुम्ही डाव्या हाताने लिहिता?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"वर्गात उजव्यानेच लिहितो हो! घरी मात्र दार लावून... बायकोलासुद्धा माहीत नाही."

"मग मला दाखवा ना!" बाईंनी शाई उगाळायलाच घेतली.

मास्तरांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी कुंचला डाव्या हातात धरून 'नदी' या अर्थाचं एक चित्राक्षर काढलं. बाई कागदाशी नाक लावून बघत होत्या. बाकीचे कुंचला ओढतात, हे मास्तर ढकलत होते.

"अस्सं होय! मग याला त्या अंगाला घोड्याचे ताठ केस हवेत."

आठ दिवसांनी त्यांनी तसा कुंचला बांधून दिला. तेव्हापासून कुणीही गिऱ्हाईक आलं की बाई चहाच्याही आधी विचारतात, "जुना आणलाय का? आधी तो बघू द्या."