साडूंची हाक

आमचे साडू उद्या स्वर्गात गेले, तर अमृताचंही आधी सॅम्पल मागवून तपासतील आणि मगच तोंडाला लावतील. चाकणच्या एका कंपनीत वीस वर्षं प्रेसजवळ क्वालिटी तपासण्यात काढलेला माणूस! कुरुळीत आमच्या इमारतीत तळमजल्यावर ते, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. भेंडीसुद्धा पट्टी लावून घेतात. "तपासल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, राव!"

दोन वर्षांपूर्वी प्रेस मशीनमध्ये त्यांच्या कामावरच्या जोडीदाराचा हात गेला. साडू चार पावलांवर उभे होते. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीला चिकटायचे. प्रेसकडे पाय वळेना, म्हणून कंपनीने स्टोअरमध्ये बसवलं. आणखी एक विचित्र खोड लागली. कुणाला हाक मारायची नाही. चहा झाला हे सांगायला दोन जिने चढून यायचे आणि मुकाट्याने खांद्याला हात लावायचे.

पण "मी प्रेसवर परत उभा राहणार म्हणजे राहणारच," हा हट्ट काही सुटेना. पिंपरीच्या समुपदेशक बाईंनी अशा आघातावरचे तीन उपचार समजावून सांगितले, तर या गृहस्थाने तिन्हींचा तुलना-तक्ता आखला! डोळ्यांपुढे बोट हलवायच्या उपचाराची चाचणी तर बाईंना न विचारता घरीच घेतली. माझी मेहुणी बोटाऐवजी पळी हलवतेय आणि हे ओरडतायत, "स्पीड एकसारखा ठेव!" आमटी करपली, उपचार रिजेक्ट. बाई रागावल्या, "उपचार चांगलाय, तुमची पळी वाईट." दुसरा उपचार घडलेलं पुन्हा पुन्हा सांगण्याचा. हे सांगायचे, पण "चहाची वेळ झाली" इथवर आले की उठून जायचे.

तिसऱ्यात मनातला विचार पुराव्याशी ताडून बघायचा. तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं. "मी चहाला हाक मारली, त्याने मान वळवली, म्हणून हात गेला." बाई म्हणाल्या, "आणि हा माल तपासलात का?"

दुसऱ्याच दिवशी साडू मला घेऊन भोसरीला जोडीदाराच्या घरी. तो ऐकून बघतच राहिला. "येडा का खुळा रं तू? कानात बोळं, म्होरं प्रेसची धडधड. तितं हाक ऐकू येती व्हय? माझंच ध्यान न्हवतं." वीस वर्षं त्याच आवाजात काढलेल्या माणसाला हे सुचू नये! साडू त्याचा उरलेला हात धरून ढसाढसा रडले. मीही रडलो, लपवत नाही.

बाईंकडच्या फेऱ्या अजून चालू आहेत. हे काही सर्दी-पडसं नव्हे. पण आता रोज दहा मिनिटं प्रेसजवळ उभे राहतात, घड्याळ लावून. काल सकाळी खालून आवाज आला, "ओ साडूभाऊ, चहा!" अख्खी इमारत गॅलरीत आली. दोन वर्षांनी ऐकली ती हाक. मी मुद्दामच ओ दिली नाही. म्हटलं, आणखी एकदा मारू देत.