कुत्र्याचं पथ्य, सासऱ्याचं ताट

आमच्या कुत्र्याला सरकारी नोटीस आली, ती माझ्या नवऱ्यानेच टाइप केली होती. तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या बोथ गावी एका सरकारी कार्यालयात तो कारकून होता. त्या कार्यालयात टाइपरायटर एक आणि तो चालवणारा माणूसही एकच. साहेबांनी मजकूर सांगितला, याने तो टाइप केला, रजिस्टरात जावक म्हणून चढवला, आणि मग खुर्चीतून न उठता स्वतःच स्वीकारून पोच म्हणून सही केली. साहेबांची केबिन दहा पावलांवर होती. पण सरकार बोलत नाही, कळवतं.

नोटीस इंग्रजीत होती. सारांश असा की, क्वार्टर्सच्या आवारात एक केस गळालेला प्राणी सर्वांसमक्ष अंग खाजवत असतो. वरचे मोठे अधिकारी दोन महिन्यांनी क्वार्टर्स पाहायला येणार आहेत. तोवर त्याचा बंदोबस्त न झाल्यास कार्यालयाची जीप त्याला जंगलात सोडून येईल.

कुत्रा माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी चाळीस वर्षं गावात एका मालकाकडे सालगडी म्हणून काढली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना क्वार्टरवर आणलं. कुत्रा येणार असेल तर मी येतो, एवढीच त्यांची अट होती. कुत्र्याला नाव नव्हतं. सासरे त्याला 'ए लेका' म्हणत. माझ्या नवऱ्यालाही तेच म्हणत. हाक मारली की दोघंही मान वर करत.

गावात असताना हा कुत्रा तांबूस, चकचकीत होता. क्वार्टरवर आला आणि सहा महिन्यांत त्याच्या पोटाचे, काखांचे, कानांचे केस गेले. कातडं जाड आणि काळं पडलं. खाजवताना मागचा पाय जमिनीवर असा आपटायचा की शेजारची बाई दार वाजलं समजून उघडायला जायची.

मी सासऱ्यांना नोटीस वाचून दाखवली.

"म्हंजे याले जंगलात सोडतीन?"

"हाव, मामाजी. बरा नाही झाला तं."

"मंग मले बी त्याच जीपमंदी बसव. गावच्या फाट्यावर उतरवून दे म्हना."

एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागले. हा माणूस बोललेलं करतो, हे मला माहीत होतं. गावात घर बंद, चूल थंड, करणारं कुणी नाही. शिवाय माझा स्वतःचाही स्वार्थ होता. मी मराठी शाळेत शिकवायची. शाळा सुटून घरी आले की दिवसभरात कोण आलं, कोण कुणाशी भांडलं, कुणाची म्हैस कुणाच्या कुंपणात शिरली याचा अहवाल पायरीवर बसलेले सासरे मला देत. एवढा खरा अहवाल मी नंतर कुठल्याही दफ्तरात वाचलेला नाही.

बातमी पसरली तसे उपाय येऊ लागले. समोरच्या क्वार्टरमधला बस ड्रायव्हर जळक्या ऑइलचा डबाच घेऊन आला.

"आंगभर चोपडा ताई. आठ दिवसांत लोकर येते का नाही पाहा."

"अहो, हे इंजिनातलं आहे."

"मंग? माह्या गाडीले काई खाज आहे काय?"

 डबा दाराआड ठेवून, सासऱ्यांना सोबत घेऊन मी कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू होता, नुकताच आलेला होता. आमचं बोलणं हिंदीत, म्हणजे दोघांनाही सारख्याच न येणाऱ्या भाषेत चाले. दवाखान्यात रोज बैल आणि म्हशी; कुत्र्यासाठी कुणी रांगेत उभं राहिलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याला फार आनंद झाला. ब्लेडने त्याने कातडं हलकेच खरवडलं आणि काचेवर घेतलं. पण दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग हरवलेलं. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो कपाटात कुलपात असे आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, पूजेसाठी बाहेर निघे. डॉक्टर ती काच घेऊन सायकलवरून आमच्यामागोमाग शाळेत आला, रुमालाने त्यावरचं हळदकुंकू पुसलं आणि डोळा लावला. आमच्या मुख्याध्यापकांना हा अपमान वाटला. त्या यंत्रातून काही दिसतं हे मात्र त्यांना तेव्हाच कळलं.

"कीड़ा नहीं है," डॉक्टर म्हणाला. "खरूज नहीं. ये अलर्जी है, टीचरम्मा. झगड़ा चमड़ी का नहीं, खाने का है. क्या खाता है ये?"

मी सांगायला लागले. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कोंबडीची हाडं, सुकट, बिस्किटं, पाव, शेंगदाण्याची पेंड, एकदा माझी चप्पल. डॉक्टरने लिहिणं थांबवलं.

"ऐसा क्या है, जो इसने कभी नहीं खाया?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी बराच विचार केला.

"भात," ते म्हणाले. "आन् ताजी मच्छी. आमच्या गावात तळं नोतं."

ठरलं. सहा आठवडे फक्त भात आणि तळ्यातली मासळी. उकडलेली, काटे काढलेली, तेल-मीठ-मिरचीशिवाय. दुसरा दाणाही पोटात जाता कामा नये. अंग शांत झालं की एकेक जुना पदार्थ परत द्यायचा आणि कशाने खाज सुटते ते पाहायचं. सोबत आठवड्याला आंघोळ, रोज गोचिडी वेचायच्या, खाली अंथरायचं पोतं उकळून उन्हात टाकायचं, कोरड्या जागी खोबरेल, आणि पहिले काही दिवस खाजेच्या गोळ्या. ड्रायव्हरचा डबा मी परत केला. तो दुखावला.

दोन आठवडे मी मासे उकडले. शाळेत माझ्या हातांच्या वासाने पहिल्या बाकावरची मुलं मागच्या बाकांवर गेली. कुत्रा भात-मासळी आवडीने खाई, आंघोळ निमूटपणे सोसे आणि पूर्वीइतकंच खाजवे.

"कोई चोरी से दे रहा है," डॉक्टर म्हणाला.

मी सगळ्या क्वार्टर्सची दारं वाजवली. सगळ्यांनी शपथा घेतल्या. ड्रायव्हर म्हणाला, "पाव नाही देल्ला ताई, खोटं नाही बोलत. पावाची कड देल्ली." शेजारीण म्हणाली, "आमी नाही बापा! लेकरानं टाकलं असन तं ते देनं थोडीच होते?" त्या सर्वांना मी वर्गात देते तशी तंबी दिली. कडा थांबल्या. खाज थांबली नाही.

मग एका रविवारी, संध्याकाळी उजेड असतानाच, मी सासऱ्यांना ताट दिलं आणि सहज दारात उभी राहिले. त्यांच्या ताटात भाकर कुस्करून घातलेलं दूध होतं. त्यांनी पहिला घास केला, हात खाली नेला, कुत्र्याने तो घेतला. मग दुसरा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

"मामाजी! तुमीच देता त्याले!"

"काय देतो? काईच नाई देत."

"आत्ता घास देल्ला नं?"

"तो?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "ते देनं आहे काय? ते तं माहं जेवन आहे. त्याले देल्ल्याबिगर मी जेवू कसा?"

मी चिडले होते. काऊन नाही जेवू शकत, असं मी जरा जोरातच विचारलं. त्यांनी हात थांबवला.

"मालकाच्या घरी भाकर वरून टाकत," ते म्हणाले. "ओसरीवरून, खालच्या पायरीवर. मी तिथं, कुत्रं बी तिथंच. मालकीन दोघायले एकाच टायमाले टाके. मंग मी काय केलं, पयला घास माह्या हातानं कुत्र्याले द्याचा. म्हंजे मी देनारा झालो नं."

या युक्तिवादावर मी कुठल्याही पुस्तकात तोड वाचलेली नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बाबांना समजावून सांग. तो स्वतः समजावणार नव्हता. काम पुढच्याकडे पाठवण्यात तो कार्यालयात तरबेज झाला होता.

घास थांबणार नव्हता. मग घासच बदलायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून मी सासऱ्यांच्या ताटात तेच वाढलं जे कुत्र्याच्या ताटलीत: भात आणि उकडलेली मासळी. मीठ आणि हिरवी मिरची वेगळ्या वाटीत, ती फक्त त्यांनी तोंडी लावायची. भाताबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "भात म्हंजे दवाखान्यातलं जेवन," ते म्हणत. पण जीप डोळ्यांपुढे होती. पहिला घास खाली गेला, दुसरा तोंडात, मग मिरची, मग दोन शिव्या. शिव्या भाताला होत्या.

इतकं सगळं ठीक चाललं होतं आणि एक दिवस नळावर शेजारणीने त्यांना विचारलं, "काय जेवले आज, बाबा?"

"जे कुत्र्यानं खाल्लं तेच," ते म्हणाले. ते कधी खोटं बोलत नसत.

संध्याकाळपर्यंत बोथभर झालं की मास्तरीणबाई सासऱ्याला कुत्र्याचं अन्न घालते, तेही अळणी. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर मातापित्यांच्या सेवेवर पंधरा मिनिटं भाषण केलं आणि त्यातली चौदा मिनिटं माझ्याकडे पाहून केलं. साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून वडिलांची आबाळ करू नका म्हणून समज दिली. ती तोंडी होती. लेखी असती तर त्यालाच टाइप करावी लागली असती. बाजारात मासे घेताना कोळीण मला म्हणाली, "एक जास्तीचा घे वो, बुढ्यासाठी."

शेवटी शेजारीण दोघीतिघींना घेऊन सासऱ्यांकडेच आली. मी आत तांदूळ निवडत होते. सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तुमी सांगा, आमी बोलतो मास्तरनीसंगं. शिकेल आहे तं काय झालं? असं कोनी करते काय?"

"काय केलं तिनं?"

"कुत्र्याचं खानं तुमाले देऊन राह्यली नं!"

"चाळीस वर्सं मालकानं कुत्र्यासंगं खाऊ घातलं," सासरे म्हणाले, "तवा तुमच्यापैकी कोनी विचाराले नाही आलं. आता सून बसवून, पुसलेल्या ताटात वाढते, काटे काढून देते, तं सारे आले. आन् मी नाही कुत्र्याचं खाऊन राह्यलो. कुत्रं माहं खाऊन राह्यलं. जा आता, मले जेवू द्या."

मंडळी गेली. मी आतच थांबले. बाहेर आले असते तर काही तरी चांगलं बोलावं लागलं असतं, आणि त्यांना ते आवडलं नसतं.

घास बदलल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपटणारा पाय मंदावला. चौथ्या आठवड्यात कानांवर लव दिसू लागली. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट लावून पाहायला लावत. पाचव्या आठवड्यात काळ्या कातड्यावर तांबूस केस दाट झाले. डॉक्टर स्वतः पाहायला आला आणि दिवस मोजून म्हणाला, तुमच्याकडे वेळ कमी आहे, आता एकेक पदार्थ देऊन पाहू. आधी भाकर दिली. सासऱ्यांनी ती अशी खाल्ली जणू कुणी परदेशातून पाठवली होती. काही झालं नाही. मग वरण. काही नाही. मग दूध-भाकर. दुसऱ्या दिवशी पाय परत आपटायला लागला आणि शेजारीण दार उघडायला गेली.

म्हणजे दूध. आणि दूध माझं. गावात सासऱ्यांना दूध चहापुरतं मिळे. ते इथे आल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्या ताटात दूध घालायला मीच लागले होते, आणि आमच्याकडे मामाजींना रोज दूध लागतं हे शाळेत दोनतीनदा ऐकवूनही झालं होतं. इतरांचा डामडौल मला दुरून दिसतो. हा मीच वाढलेल्या ताटात होता आणि कुत्र्याच्या अंगावर उठत होता.

"तुमाले दूध सोडावं लागन, मामाजी," मी म्हटलं.

"मले कधी आवडलं ते?" ते म्हणाले. "तू हौसेनं घाले, म्हून गिळो."

दूध बंद केलं, दोन दिवस गोळ्या दिल्या, पाय शांत झाला.

मोठे अधिकारी यायच्या आदल्या दिवशी साहेब वहीत टिपणं करत स्वतः फिरायला निघाले. मागे नवरा, हातात नोटिशीची फाइल. आमच्या पायरीवर सासरे बसले होते, त्यांच्या पायाशी कुत्रा.

"वो खुजली वाला कुत्ता?" साहेबांनी विचारलं.

नवऱ्याने पायरीकडे हात केला. साहेबांनी पाहिलं.

"ये नहीं. ये तो अच्छा है. वो पुराना वाला, काला, बिना बाल का."

"सर, वो ही..." नवरा म्हणाला. तो प्रामाणिक माणूस आहे. त्याचा मला अधूनमधून त्रास होतो.

"तो काला गेला, साहेब," सासरे मध्येच म्हणाले. "तुमच्या कागदानं."

ते कधी खोटं बोलत नसत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कुत्र्याच्या पाठीवरच्या नव्या केसांकडे पाहत होते.

साहेब प्रसन्न झाले. "देखा? लिख के दिया तो काम होता है." पुढच्या क्वार्टरकडे जाताना त्यांनी कुत्र्याला चुचकारलंही. दुपारी नवऱ्याने टाइप केलं की, सदर प्राणी आवारात आढळून येत नाही, प्रकरण बंद करण्यात यावं. साहेबांची सही झाली. सरकारदरबारी आमच्याकडे कुत्रा नव्हता, आणि तो पायरीवर झोपला होता.

संध्याकाळी सासऱ्यांनी खाटेखालून एक गाठोडं ओढून काढलं. ते तिथे बांधून ठेवलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. त्यातून एक धोतर, एक बंडी आणि गावच्या घराची किल्ली निघाली. किल्ली त्यांनी खुंटीला अडकवली. धोतर माझ्याकडे दिलं.

"धुवून टाक, बाई," ते म्हणाले. "दोन महिन्यापासून बांधून आहे. वास मारून राह्यलं."