गावागणिक वेगळा पत्ता

अन्याय झाला तो भामरागडकडच्या एका ग्रामसभेवर, गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या सोमवारी. वनहक्काच्या सुनावणीत कचेरीने तिला ‘गैरहजर’ ठरवलं. नोटीस ईमेलने पाठवली होती म्हणे! नदीला पूर, रस्ता बंद, गावात रेंज नाही. आणि गावाच्या वतीने पत्ता आमच्या संघटनेचा दिलेला, म्हणून ती मेल आमच्या पेटीत, जाहिराती आणि दहा गावांच्या तक्रारींखाली दबलेली. पाठवणाऱ्या बाबूने विषयसुद्धा लिहिला नव्हता.

फेरसुनावणी आम्ही भांडून मिळवली.

“आता चुकलं तं जंगल गेलं,” ग्रामसभेच्या अध्यक्ष बाई मला म्हणाल्या. “पोरी, सारं एकाच पोत्यात काऊन कोंबता? आमचा कप्पा येगळा कर.”

ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरमध्ये, जेवायच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. कचेरीच्या पत्त्यावरून येणारी मेल वेगळी काढायची, असं आधी ठरवलं. पण साहेबाची बदली होते, बाबू बदलतो, कोणी स्वतःच्या खाजगी मेलवरून नोटीस धाडतो. गाव तेवढं जागेवर राहतं. मग पत्ताच गावाला दिला. आमच्या पत्त्यातल्या नावापुढे अधिकचं चिन्ह, त्यापुढे, @ च्या आधी, गावाचं नाव. मेल येते आमच्याच पेटीत, पण कोणत्या गावाची ते पत्ताच सांगतो. पेटीला नियम लावला: या पत्त्यावर येईल ते थेट गावाच्या फोल्डरात, आणि एक प्रत गावातल्या फोनवर.

“एकाच्याच फोनात नको,” बाईंनी बजावलं. “एकाले सांगितलं म्हणजे गावाले सांगितलं होत नाई.” मग गावाच्या प्रत्येक टोल्यातला, म्हणजे वस्तीतला, एक फोन जोडला.

कचेरीतला बाबू पत्ता पाहून हसला. “मॅडम, मधात हे अधिक काऊन? चुकलं वाटते.”

“चुकलं नाई, भाऊ. तसंच टाका. आणि एक मेल आत्ता पाठवा, माझ्यासमोर.”

पाठवली. माझा फोन वाजला. त्याने पत्ता फायलीवर लिहून घेतला.

फेरसुनावणीची नोटीस पुन्हा भर पावसात आली, पुन्हा विषयाविना, कुणाच्या तरी खाजगी पत्त्यावरून. पडली बरोब्बर गावाच्या फोल्डरात. रेंजसाठी टेकडीवर गेलेल्या एका पोरीने ती उघडली, गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, सगळ्यांसमोर वाचली. माणसं डोंग्यातून नदी पार करून सुनावणीला उभी राहिली.

“पुरानं नाई अडवलं, साहेब,” बाई ओल्या लुगड्यानिशी म्हणाल्या. “आता तुम्ही कसे अडवता, पाहू.”

दावा ऐकून घ्यावा लागला, ओळ न् ओळ. मी पत्रकं पुष्कळ लिहिली, घोषणाही दिल्या. पण छाती फुगते ती त्या दोन ओळींच्या नियमाने.

तुमच्या गावाचा दावा कुठल्या कचेरीत पडून आहे? आजच गावाचा असा पत्ता करा, फायलीवर लिहून घ्या, आणि बाबूने तुमच्या डोळ्यांदेखत मेल पाठवून दाखवल्याशिवाय तिथून हलू नका.