डब्याला हात

मंचरात हायवेला लागून भागुजीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं ऑइलनं काळी झालेली जमीन, आणि दिवसभर तोंड चालू असलेला भागुजी. नम्रपणा या माणसाच्या वाट्याला आलाच नव्हता आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. गिऱ्हाईक फार घाई करू लागलं की तो पाना खाली ठेवून चहाला निघून जाई. तरी बटाट्याच्या जीपा आणि कांद्याचे टेम्पो त्याच्याच दारात येऊन थांबत, कारण ऐन उमेदीत पुण्याला जाऊन, शिव्या खाऊन शिकलेलं काम होतं ते.

दोन हजार सालानंतर मात्र सगळं फिरलं. नव्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटरचा डबा आला. इंजिनाला पेट्रोल किती सोडायचं, ते तोच ठरवू लागला. लोक भागुजीकडून ऑइल बदलून घेत आणि इंजिनाचं काही निघालं की गाडी पुण्याला नेत. "कॉम्प्युटर हाय राव, तुझं काम न्हाई," असं वर ऐकवत. भागुजीच्या डोक्यात तिडीक जाई. असंच चाललं तर पाचेक वर्षांत शेडला कुलूप लागणार, हे त्याला दिसत होतं.

खरं तर डब्याशी बोलायचं कसं, हे त्याला पुण्याच्या एका जुन्या दोस्तानं शिकवलं होतं. बॉनेटखाली एक छोटं सॉकेट असतं. त्यातल्या ठरलेल्या दोन भोकांत वायरीचा तुकडा घालायचा, चावी फिरवायची आणि डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या दिव्याकडं बघायचं. दिवा उघडझाप करतो. एकदा आणि थांबून दोनदा, म्हणजे सगळं ठीक. एकदा आणि थांबून चारदा, म्हणजे पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची तक्रार. भागुजीला सगळे इशारे पाठ होते. पण मंचरात त्याला कुणी ती वायर लावू देईना.

दोन हजार आठच्या दसऱ्यानंतर भगवंत गाडी घेऊन आला. अवसरी बुद्रुकचा बागायतदार, भागुजीच्याच गावचा आणि त्याच्याच वर्गातला. मागच्या सीटवर त्याची आई साळुबाई बसली होती. तिला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी सात वर्षांची, आणि आता काळा धूर ओकत होती.

"पुण्यात इचारलं," भगवंत म्हणाला. "म्हणले, डबाच गेला. इकूनच टाकतो आता. तू नुसते प्लग साफ कर. डब्याला शिवू नको."

भागुजीनं हातातलं फडकं बाजूला टाकलं.

"शाळेत माठाला शिवू नको म्हणायचास, भगवंता. वरनं पाणी वतायचास आन मी वंजळ धरून प्यायचो. तवा ल्हान व्हतो. आता डब्याला हात लावू देणार असशील तर बॉनेट उघड. नसंल तर प्लग बी दुसरीकडं साफ करून घे."

 शेजारच्या टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर इकडं बघू लागले. गाडीतून साळुबाईचा आवाज आला, "उघड रं."

भागुजीनं वायर लावली, चावी फिरवली. दिवा एकदा लागला आणि थांबून चारदा. पाण्याचा सेन्सर; इंजिन गारच आहे असं समजून डबा जास्त पेट्रोल सोडत होता, म्हणून काळा धूर. भागुजीनं छाती फुगवून ते सगळ्यांना ऐकवलं, दुकानातून नवा सेन्सर आणून बसवला, डब्याची जुनी आठवण पुसायला बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली आणि परत चावी फिरवली.

एकदा. थांबून चारदा.

"म्हणलो व्हतो ना," भगवंत म्हणाला. टपरीवर कुणीतरी हसलं. भागुजीचे कान तापले. आज हात हलवत मागं झालो तर उद्यापासून मंचरात आपल्यासमोर कुणी बॉनेट उघडणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. भीती वाटली. पण माघार घ्यायची त्याला सवय नव्हती.

"दिवा बरुबर हाय," तो म्हणाला. "दुखतं कुठं ते त्यानं सांगितलं. का दुखतं ते मी इचारलंच न्हाई."

सेन्सरला येणाऱ्या वायरींच्या टोकाचा कपलर त्यानं घाईत पुसून तसाच बसवला होता. आता तो ओढून काढला आणि उन्हात धरून आत पाहिलं. आत पिवळा चिकट थर होता आणि त्याखाली पितळी पिना हिरव्या पडलेल्या. त्यानं वास घेतला. हळद!

साळुबाई दार उघडून हळूहळू खाली उतरली. "ती म्या लावली," ती म्हणाली. "खंडेनवमीला." दरवर्षीसारखी गाडी विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपनं, बॉनेट उघडून आतबाहेर धुतली होती आणि त्या ओल्या इंजिनावर तिनं हळदकुंकवाची बोटं ओढली होती. वरून नारळाचं पाणीही शिंपडलं होतं.

भगवंत आईवर उखडला. "इंजिनाला कशाला हात लावायचा, आई? इथून पुढं शिवायचंच न्हाई."

"ए," भागुजी कडाडला. "माझ्या शेडात कुणाला शिवू नको म्हणायचं न्हाई." मग साळुबाईकडं वळून आवाज खाली आणत म्हणाला, "मावशी, खुशाल लावा. या वायरींपासनं जरा लांब लावा, म्हंजी झालं."

पेट्रोल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्यानं पिना चकचकीत केल्या, फुंकून वाळवल्या आणि कपलर बसवला. बॅटरीची वायर पुन्हा काढून जोडली. मग भगवंतालाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "आता तू मोज. मोठ्यानं."

"एक," भगवंत म्हणाला. दिवा थांबला. "एक... दोन." पुढं काही आलं नाही. गाडी सुरू केली. थोड्या वेळानं धूर विरळ झाला आणि मग दिसेनासाच झाला.

"काय द्यायचं?" भगवंतानं विचारलं.

"जुना सेन्सर चांगला हाय, त्योच परत बसवतो. नव्याचं काय देऊ नको. पर गाडी कुणी केली म्हणून कुणी इचारलं, तर सांग. डब्याला भागुजीनं हात लावला म्हणून सांग."

भगवंतानं मान हलवली. ऊन फार झालं होतं. तो शेडमधल्या माठाजवळ गेला आणि तिथं नुसताच उभा राहिला, कुणी पाणी देईल या सवयीनं. भागुजी हात पुसत होता. तो जागचा हलला नाही.

"बुडव तांब्या," तो म्हणाला. "हितं वरनं कुणी वतत न्हाई."