काळी चार, पांढरी चार

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे मौन सांगितलं. ते ऐकून माझ्या नवऱ्याने इतका गंभीर चेहरा केला, की तो हसू दाबतोय हे मला लगेच कळलं. मी मुळात फटकळ. ते तीन आठवडे मी पांढऱ्या फळ्यावर लिहून लिहून भांडले.

डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ होती, ती काढली. शेवटच्या तपासणीत मात्र बाईंनी स्पष्ट बजावलं. बोला, गा, पण वरच्या सुरांवर जोर देऊ नका. तिथेच पुन्हा इजा झाली तर आवाज परत येईल याची हमी देता येणार नाही. ही गोष्ट २००७च्या ऑगस्टमधली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला जेमतेम तीन महिने उरले होते.

अमेरिकेत बॉथेलला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं मंडळाच्या दिवाळीची सांगता माझ्या नाट्यगीताने झाली होती. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा. गाण्याच्या शेवटी मी वरच्या पंचमाला जायची, तो धरून ठेवायची, आणि शाळेच्या त्या सभागृहातून हमखास 'वन्स मोअर' यायचा. खरं सांगते, त्या एका आरोळीवर मी वर्ष काढायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नसलेली बाई मी. रेडमंडच्या त्याच्या ऑफिसातल्या पार्ट्यांत मला कुणी नावानेही ओळखत नसे. त्या दहा मिनिटांत मात्र तो माझा नवरा म्हणून ओळखला जायचा.

म्हणून गाठीचं कुणाला कळू दिलं नाही. घसा बसलाय, इथली हवा सोसत नाही, अशी कारणं सांगत राहिले. मंडळाच्या तालमींना जाणंही टाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सप्टेंबरात नवऱ्याने दोन तिकिटं आणली. तो हॉस्टेलच्या दिवसांपासून एका ब्रिटिश गायकाचा भक्त. पियानो वाजवत गाणारा, जगभर गाजलेला माणूस, आता साठीला टेकलेला. त्याची जुनी गाणी आमच्या गाडीत इतकी वाजायची की मला न शिकता पाठ झाली होती. मी जायला तयार नव्हते. दुसऱ्याचं गाणं ऐकायची तेव्हा मला भीतीच वाटत होती. नवरा म्हणाला, ड्राइव्ह मी करतो, तू नुसती बस.

चमकदार कोट घातलेला, अंगाने सुटलेला तो माणूस पियानोपाशी बसला. त्याने पहिलं गाणं सुरू केलं आणि माझे कान टवकारले. पट्टी खाली होती. गाडीतल्या टेपपेक्षा सरळ सरळ खाली. मग ती ओळ आली, जिथे टेपमधला तरुण आवाज उडी मारून वर जातो. मी श्वास रोखला. तो वर गेलाच नाही. त्याने ओळ खालूनच नेली आणि वरची जागा हजारो माणसांनी आपणहून गाऊन टाकली.

"हा फसवतोय," मी नवऱ्याच्या कानात म्हणाले.

"यार, त्याच्याही घशाचं ऑपरेशन झालंय, वीस वर्षं झाली. खाली घेतलं म्हणून तर अजून गातोय."

मला राग आला. मला इथे का आणलं ते तेव्हा कळलं, आणि उठून जावंसं वाटलं. पण त्या माणसावरची नजर हलेना. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा नावाला नव्हता. जणू ते गाणं पहिल्यापासून तिथेच राहत होतं, अशा खात्रीने त्याची बोटं पडत होती. खालचा आवाज जाड होता, भरलेला होता. रागाचा हेवा कधी झाला ते मला कळलं नाही. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि त्या वेळी मला कुणी मौन सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात एकटी असताना मी तानपुऱ्याच्या मशीनवर सूर खाली खाली आणत गेले. पांढरी चारला गळा अलगद बसला. चांगली तीन पट्ट्यांची उतरण. बायका सहसा इतक्या खाली गात नाहीत. मी मंडळात माझ्या साथीला पेटी वाजवणाऱ्या काकांना चिठ्ठी पाठवली, त्यात गाण्याचं नाव आणि खाली 'पट्टी: पांढरी चार', एवढंच. काका मूळचे नागपूरचे, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. फोन केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या शनिवारी दुपारी पाऊस लागून राहिला होता. ओल्या छत्र्यांचा ढीग ओलांडून मी थेट रंगमंचावर गेले, बसले, आणि काकांनी तानपुरा सुरू केला.

काळी चार.

मी वळून पाहिलं. काकांनी डोळे मिटून मान हलवली, काळजी करू नकोस अशी. त्यांनी माझी चिठ्ठी दुरुस्त केली होती. समोर दोनशे माणसं गप्प बसली होती. मी सुरुवात केली. मुखडा निघाला, पण अंतऱ्याच्या पहिल्याच चढणीवर घशात खर्रकन काहीतरी घासलं. तिसऱ्या रांगेतल्या नवऱ्याचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. पुढच्या ओळीला पंचम होता. एवढी एक ओळ काढली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि कदाचित त्यानंतर मी कधीच गायले नसते.

मी थांबले. तबला दोन मात्रा पुढे गेला आणि तोही थांबला.

"काका, पांढरी चार घ्या. माझ्या घशाचं ऑपरेशन झालंय, मला वर जाता येत नाही."

माईक चालू होता. दोनशे माणसांनी ऐकलं. काकांनी मशीनची कळ फिरवली, आणि मी पहिल्यापासून गायले. पंचम आला, लागला, अख्खा लागला. लखलखला नाही. टाळ्या बऱ्या झाल्या. 'वन्स मोअर' आला नाही. मी खाली मान घालून वाट पाहिली, तरी आला नाही.

पडद्यामागे काका पेटीचा भाता बंद करत होते. मी त्यांच्यावर उखडलेच. मी इतकं स्पष्ट लिहिलं असताना बदललंत का, असं विचारलं.

"मला वाटलं, बेटा, तू घाबरून लिहिलंस," ते म्हणाले. "गेली दोन वर्षं तुझा पंचम सुराला कमीच लागत होता. तिथे मी पेटी मोठ्याने वाजवायचो, लोकांना कळायचं नाही. म्हटलं, याही वर्षी झाकून नेऊ."

मला बसावंसं वाटलं, पण तिथे खुर्ची नव्हती.

"मग मला कधी सांगितलंत का नाही?"

"गाणं झालं की तू लोकांकडेच पाहायचीस," काका म्हणाले, आणि त्यांनी पेटीवर कापड घातलं.