डोंगर कुठल्या हाताला

सकाळची थंडी वेलींवरून उतरलेली नसते आणि शेजारच्या द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी सुरू होते. भुरीचा रोग पडू नये म्हणून मारतात ती पिवळी पूड. वारूळवाडीत हिवाळा आला हे मला धुक्यानं कळत नाही, घशाच्या मागं जाऊन बसणाऱ्या या कोरड्या वासानं कळतं. इतरांना त्यातून भरलेले घड आणि दाराशी आलेला व्यापारी दिसत असेल. मला दिसतो सातासमुद्रापारचा, माथ्यातून धूर सोडणारा एक डोंगर आणि त्या धुरात राहून गेलेला माझा मित्र. बाग त्याच्याच वडिलांची. सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. पाठीला पूड उडवायचं डस्टर, तोंडाला उपरणं. ओळीत शिरण्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून बघायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. "वारा कुठनं येतुया ते बघितल्याबिगर गंधकाला हात लावायचा न्हाई," हे त्यांनी आम्हा दोघांना शाळकरी वयातच दटावून शिकवलं होतं.

दुसरी शिकवण डोंगराची. गावामागच्या डोंगराच्या पोटात महादेवाचं लहानसं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी आबा त्या अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा घालायचे, अनवाणी, आणि मागं आम्ही दोघं. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. आबा चालत आणि आम्ही पळत. पुढं पळायचो, धापा टाकत थांबायचो, ते आले की पुन्हा पळायचो. करवंदीच्या जाळ्या, मेंढरांनी पाडलेल्या पायवाटा, पायाखाली घसरणारा मुरूम. पळण्याचं वेड लागलं ते तिथं. एकदा मित्र उगाच चेष्टेनं डोंगर डाव्या हाताला धरून निघाला, तर आबांनी त्याला कानाला धरून मागं आणला होता. "देव उजव्या हाताला ठेवावा. उलटा फेरा मढ्याला घालत्यात." आबांचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

पुढं आम्ही दोघं एकाच कारखान्यात लागलो आणि दोन हजार सालानंतर कधीतरी यंत्रं बसवायला जावा बेटावर गेलो. सुट्टीच्या दिवशी तिथली पोरं त्या धुराच्या डोंगराभोवती पळायला जायची, आम्हीही गेलो. काय हिरवं ते रान! नेचे पुरुषभर उंच, वाट काळ्या राखेची, पाय टाकला की भुसभुशीत खाली जाणारी. आणि मग तो वास आला. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. "आबा धुरळणी करत्यात जणू," तो म्हणाला. परक्या मुलखात घरचा वास भेटला की माणूस बेसावध होतो. आज वाटतं, तो वास अनोळखी असता तर बरं झालं असतं.

वाटाड्यानं हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा बजावलं होतं: डोंगर डाव्या हाताला ठेवा. पलीकडच्या एका अंगाला दुपारी वारा फिरतो, धूर खाली घळीत उतरतो, माणूस त्यात गुदमरतो, ते अंग सकाळीच मागं टाका. सगळे तसेच निघाले. हा उभाच. "देवाला उलटा फेरा? मला न्हाई जमायचं राव. तू जा यांच्यासंगं, मी सुलट्या फेऱ्यानं जातो, पलीकडं भेटू." मी शिव्या घातल्या, दंड धरून ओढलं. हट्टी म्हणजे बापासारखाच हट्टी! हसत, डोंगर उजव्या हाताला धरून पळत सुटला.

पलीकडच्या उतारावर आम्ही समोरासमोर आलो. घामानं न्हालेला, तोंडभर राख, आणि डोळ्यांत असला आनंद की मला रागावताही येईना. तरी म्हणालो, "दुपार झालीये. पुढं धूर उतरत असेल. फिर मागं." तो म्हणाला, "अर्धी प्रदक्षिणा मोडू नये." मला टाळी दिली आणि नेच्यांच्या आड गेला. संध्याकाळी तो घळीत सापडला, झोपल्यासारखा. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

त्याला घेऊन मी घरी आलो. आबा रडले नाहीत. बाराव्याचे विधी उरकल्यावर त्यांनी मला बागेत नेलं आणि एवढंच विचारलं, "डोंगर कुठल्या हाताला व्हता?" मी म्हणालो, "उजव्या." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मंग बेस." त्या दोन शब्दांवर हा माणूस उभा आहे असं मला वाटलं. वाटाड्या काय म्हणाला होता, हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. कसं निघेल? तुमच्याच शिकवणीनं पोरगा गेला, असं कुठल्या तोंडानं सांगायचं बापाला! वर्षं गेली. दर हिवाळ्यात हा वास यायचा आणि तेवढी गोष्ट घशाशी येऊन थांबायची.

गेल्या श्रावणात आबांनी हाक मारली. "चल, डोंगराला जाऊ. एकट्याचं पाय न्हाई उचलत." देवळाशी नमस्कार करून आम्ही वाटेला लागलो. जिथून नेहमी उजवा हात डोंगराकडं धरून निघायचं, तिथं ते थांबले. वाकून चिमूटभर माती उचलली, हवेत सोडली, ती कुठं जाते ते बघितलं. आणि डोंगर डाव्या हाताला धरून निघाले.

"आबा, उलटा फेरा..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"ठावं हाय." ते वळलेही नाहीत. "त्या वाटाड्याचं मला कंपनीच्या साहेबानं तवाच सांगितलं व्हतं. तुला बोलवत नव्हतं, म्हून मी बी कदी इचारलं न्हाई."

मी त्यांच्या मागं चालू लागलो. करवंदीच्या जाळ्या तशाच होत्या, मेंढरांच्या वाटा तशाच. आम्ही कधीच त्या दिशेनं न फिरल्यामुळं ओळखीचा डोंगर मला सगळा परका दिसत होता. मध्येच आबा थांबले, डोंगराला हात टेकला, डावा.

"वाऱ्याचं बी मीच शिकवलं व्हतं रं त्याला," ते म्हणाले. "दोनी शिकवलं व्हतं."

आम्ही फेरा पुरा केला.