काटा मिस्त्रींची वॉशर

ऐन मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, गॅरेजमधला एकुलता एक पंखा स्वतःच्या हाताने बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंखा थांबला की ते तराजूसमोर बसत, श्वास रोखत आणि काटा स्थिर होईपर्यंत सोडत नसत. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही, शिंकायचंही नाही. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत सगळे त्यांना काटा मिस्त्री म्हणत. ईरा, नील, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या पेनांच्या डब्यातली वॉशर पाहून "आजी, ही कशाला जपून ठेवलीस?" असं तुम्ही विचारलंत. ती त्यांची.

आजोबांची पांढरी गाडी तुम्हाला आठवत असेल. तिचं इंजिन धूर ओकायला लागलं, ते नेमकं आजोबांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर. "माझं खोलून झालं, आता हिचं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण रोज सकाळी चहाआधी, कोणी बघत नाही असं समजून, ते उजवा पंजा पसरून निरखत. थरथरतोय का, एवढंच त्यांना बघायचं असे. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती. त्यांची त्यांनाच हिंमत होत नव्हती. आणि नांदगावच्या आक्कांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्यांनी शब्द दिला होता की तुझ्या सहस्रचंद्रदर्शनाला मी स्वतः गाडी चालवत येईन.

उन्हात गॅरेजमध्ये उभं राहणं त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून मी जाऊ लागले. गेले कर्तव्य म्हणून, रमले त्या तराजूमुळे. सराफ बाजारातल्या एका चांदीवाल्याने दुकान आवरताना विकलेला तो पितळी तराजू होता. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तराजू दिसला की माझे पाय थबकतात.

इंजिनात तोलायचं काय, असं तुम्ही विचाराल. सायकल चालवताना तुमची मांडी वर-खाली होते आणि पायडल गोल फिरतं. इंजिनात मांडीच्या जागी पिस्टन असतो आणि पोटरीच्या जागी कनेक्टिंग रॉड. आपल्या गाडीत असे चार पाय. त्यातल्या एकालाच जड बूट घातला तर सायकल हिसके देईल, तसंच इंजिनाचं. मिस्त्री चारही पिस्टन एकमेकांशी तोलत, रॉड तोलत, रॉडचं मोठं टोक आणि लहान टोक वेगवेगळं तोलत, आणि जिथे जड वाटेल तिथे चिमूटभर धातू घासून काढत.

वजनं मात्र ते लिहीत नसत. मी माझ्या सवयीने वही काढली आणि विचारलं, "हा किती ग्रॅमचा?"

"बाई, ग्रॅमचं काय लोणचं घालायचंय? चौघं सारखे पाहिजेत, बास."

दोन पिस्टन बरोबर आले तरी त्यांचं समाधान होत नसे. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे ठेवून पुन्हा बघत. मी मुद्दाम म्हटलं, "तराजूवर विश्वास नाही का?"

"हाय की. म्हणून तर दोनदा विचारतो."

हीच रीत मी प्रयोगशाळेत मुलींना कंठशोष करून शिकवली होती. मला मनातून गंमत वाटली.

माझ्या प्रश्नांना त्यांनी एक नियम घातला होता, "काटा थांबल्यावर विचारा." मी तो पाळलाही. चौथा पिस्टन तोलून झाला, काटा मध्यावर थांबला आणि मी विचारलं, "नेहमी जडाचंच का घासता? हलक्यात भर नाही का घालता येत?"

"माल काढता येतो, घालता येत नाय. जो सगळ्यात हलका, तो मुकादम. बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत उतरायचं." हे मोठ्या खुशीत सांगत ते उठले, पंखा लावला आणि मला चहा सांगितला.

इंजिन बांधून झालं आणि बुधवारी गाडी दारात आली. आक्कांचा समारंभ रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री स्कूटरवरून घरी आले, चपला काढून उभेच राहिले आणि आजोबांसमोर तळवा उघडला. त्यावर ही वॉशर होती.

"डाव्या पारड्याच्या खालून ग्रीसला चिकटलेली निघाली, साहेब. पहिले तीन दोन्हीकडून तोललेत. चौथा उजवीकडं होता, तो तोलताना ही तिथं असणार. बाईंशी बोलण्यात त्याची पारडी बदलायची राहिली. इंजिन परत खोलावं लागंल."

"तरी मी सांगत होते, आकडे लिहा!" मी म्हणाले.

"चुकीचा आकडा लिहिला असता, बाई. आज तुम्ही मला वहीत सगळं बरोबर दाखवून वाटेला लावलं असतं."

आजोबा चिडले. "अहो, एवढीशी वॉशर! गाडी लोण्यासारखी चाललीय. रविवारी मला नांदगावला जायचंय."

"बाईंना विचारा. इंजिन पळतं तेव्हा ही एवढीशी राहत नाय."

मी आत जाऊन वॉशर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. दोन ग्रॅम भरली. कागदावर हिशोब मांडला. गाडी वेगात असताना त्या दोन ग्रॅमची ओढ किलोच्या वर जात होती, तीही मिनिटाला हजारो वेळा दिशा बदलत. मी बाहेर येऊन तसं सांगितलं.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?" आजोबा म्हणाले. किल्ली त्यांच्या मुठीतच होती.

मिस्त्रींनी त्या मुठीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गाडी नांदगावला पोचंल साहेब, परतबी येईल. पण हादरा स्टिअरिंगवर येईल, आन् तुम्हाला वाटंल, आपलाच हात थरथरतोय."

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या हाताचं मी कोणाला काही बोलले नव्हते. त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या तळव्यावर ठेवली.

इंजिन पुन्हा उघडलं. मी स्टुलावर बसून पंख्याच्या बटणावर हात ठेवला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चार नंबरचा पिस्टन जडच निघाला. तो घासला, दोन्हीकडून तोलला, आणि शनिवारी दुपारी गाडी परत आली.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. चांदवड मागे टाकल्यावर आजोबांनी माझा हात धरून स्टिअरिंगवर ठेवला. "बघ. काही लागतंय?" काहीच लागत नव्हतं. आक्का काठी टेकत दारात उभ्या होत्या. "आला गं माझा ड्रायव्हर!" असं ओरडून त्यांनी आधी गाडीला ओवाळलं, मग भावाला. त्यानंतर आजोबांनी सकाळी पंजा पसरून बघितल्याचं मला आठवत नाही. शेवटच्या आजारापर्यंत तेच गाडी चालवत होते.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. डोळ्यांना काटा दिसेना. ते वणीला मुलाकडे निघाले. त्यांना बसस्टँडवर सोडायला मी तीच गाडी काढली. रस्ताभर ते डोळे मिटून, तळवा डॅशबोर्डवर ठेवून बसले होते. स्टँडसमोर इंजिन बंद केलं तसे ते हसले.

"थांबला काटा. विचारा आता."

"त्या वॉशरचा हादरा खरंच स्टिअरिंगवर आला असता?"

"नाय. साहेबांना नसता कळला. माझ्याबी हाताला नसता कळला."

"मग तसं का म्हणालात?"

"त्याबिगर किल्ली सोडली असती का त्यांनी?" पिशवी घेऊन ते उतरले आणि खिडकीशी वाकले. "आन् बाई, गाडी द्यायला आलो तवा चहाचा कप उचलताना साहेब हाताकडंच बघत होते. ते बंद व्हायला पाहिजे होतं."

बॉनेटवर दोनदा थाप मारून ते वणीच्या बसकडे गेले. मी गाडी वळवली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघतेय. मग समोर बघितलं.